अंड्याचं तापमान मोजा, फक्त यंत्राचं नको: सोलापूरच्या हवेत उबवणीचे २१ दिवस

हॅचरीत कोंबडीची अंडी उबवणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे सेटरच्या, पडद्यावर ९९.५ अंश फॅरनहाइट दिसलं की ऑपरेटर निश्चिंत होतो. पण तो आकडा हवेचा आहे, आणि तोही सेन्सर जिथे बसवलाय तिथल्या हवेचा. त्याच क्षणी मधल्या ट्रॉलीतल्या १७ दिवसांच्या अंड्याच्या कवचाचं तापमान मोजलं तर १०२ निघू शकतं. गर्भ वाढतो कवचाच्या आत, त्याच्यापुरतं खरं तापमान तेच. शेडवर पिल्लं उतरल्यावर पहिल्या आठवड्यात मर होते, काही पिल्लं पोट फुगून कोपऱ्यात उभी राहतात, लॉट वर-खाली वाढतो. त्याचं खापर खाद्यावर, पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरवर, लशीवर फुटतं. बऱ्याचदा कारण त्याआधीच्या २१ दिवसांत असतं.

हे २१ दिवस दोन यंत्रांत जातात. पहिले १८ दिवस सेटरमध्ये. इथे अंडी ट्रेमध्ये बोथट बाजू वर करून उभी असतात आणि ट्रे तासातासाला कलतात. शेवटचे ३ दिवस हॅचरमध्ये. इथे अंडी आडवी असतात, त्यांना कोणी फिरवत नाही, आणि पिल्लं बाहेर येतात. खुडूक कोंबडी हे सगळं एका जागी बसून करते: ऊब देते, अंडी चोचीने फिरवते, मधूनच उठून त्यांना वारा लागू देते. हॅचरीत हजारो अंड्यांसाठी तेच काम पंखे, पाणी, मोटर आणि माणसं मिळून करतात.

ऊब देणं सोपं, काढून घेणं अवघड

पहिले आठ-नऊ दिवस गर्भ इवलासा असतो. अंडं बाहेरून उष्णता घेतं, म्हणून कवच हवेपेक्षा किंचित गार राहतं. त्यानंतर चित्र उलटतं. गर्भ स्वतः उष्णता तयार करू लागतो आणि १८व्या दिवशी एक अंडं साधारण ०.१४ वॅट उष्णता बाहेर टाकतं. एका अंड्याचं हे काहीच नाही. पण १०,००० अंड्यांचे १.४ किलोवॅट होतात, म्हणजे बंद कपाटात एक इस्त्री अखंड चालू ठेवल्यासारखं. शेवटच्या आठवड्यात सेटरचं खरं काम गरम करणं नसून गार करणं आहे. पंख्याचा पट्टा सैल झाला, थंड पाण्याच्या कॉइलवर क्षार साचले किंवा ट्रॉल्यांच्या मधली जागा बुजली, की पडद्यावरचा आकडा जागच्या जागी राहतो आणि अंडी मात्र तापत जातात.

कवचाचं तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे ३७.८ अंश सेल्सिअस, असावं. शेवटच्या दिवसांत ते १०१ पर्यंत गेलं तर चालतं. १०२ च्या वर टिकून राहिलं तर नुकसान सुरू होतं. गर्भ घाईने वाढतो, पण बलक पूर्ण वापरत नाही. पिल्लू लवकर बाहेर येतं तेव्हा बलकाचा बराच भाग पोटात शिल्लक असतो आणि नाभी नीट मिटलेली नसते. तिथे काळं बटण किंवा दोऱ्यासारखी शेपटी राहते, आणि जंतूंना आत शिरायला तीच वाट. अशा पिल्लांचं हृदयही शरीराच्या मानाने लहान राहतं. पुढे ब्रॉयलर चौथ्या-पाचव्या आठवड्यात झपाट्याने वजन घेताना पोटात पाणी होऊन मरतो, त्याची एक मुळी इथे असू शकते. तापमान कमी पडलं तर उलट होतं: पिल्लं उशिरा येतात, जड आणि सुस्त असतात, पायावर नीट उभी राहत नाहीत.

मोजायचं कसं? ताप पाहण्यासाठी कानात लावतात तो इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. अंड्याच्या मधल्या घेरावर टेकवायचा. वरच्या बोथट टोकावर नको, कारण आत हवेची पोकळी असते आणि आकडा कमी येतो. आधी कँडलिंग करून, म्हणजे अंड्यामागे दिवा धरून आत पाहून, जिवंत अंडी निवडा. अफलित अंडं स्वतः उष्णता देत नाही, ते सरासरी खाली ओढतं. ट्रॉलीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या ट्रेमधून, पंख्याजवळची आणि पंख्यापासून लांबची, अशी प्रत्येक ठिकाणची आठ-दहा अंडी मोजा. १६व्या ते १८व्या दिवसाचे आकडे सर्वात बोलके. एका कोपऱ्यात १००.५ आणि दुसऱ्यात १०२.५ असेल तर सेट पॉइंट, म्हणजे यंत्राला लावून दिलेलं तापमान, खाली करून काही साधणार नाही, गार कोपरा आणखी गार होईल. हवेचा मार्ग दुरुस्त करावा लागेल.

आपल्याकडे बऱ्याच हॅचऱ्यांत अजून मल्टीस्टेज सेटर आहेत, म्हणजे एकाच यंत्रात ३, १० आणि १७ दिवसांची अंडी एकत्र. मोठी अंडी लहानांना ऊब देतात, वीज वाचते. पण हा हिशेब यंत्र ठरल्या क्रमाने भरलेलं असेल तरच जुळतो. उबवणीची अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या ब्रीडर फार्मवरून एका आठवड्यात निम्मीच अंडी आली आणि अर्धी ट्रॉली रिकामी राहिली, तर शेजारच्या ट्रॉल्यांचं तापमान बिघडतं. रिकामी जागा ठेवण्यापेक्षा अंडी सगळीकडे सारखी वाटून लावावीत.

वीज जाते तेव्हाही हेच तत्त्व कामी येतं. जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला तर पहिल्या आठवड्यातल्या अंड्यांचं दार बंद ठेवा, ऊब टिकू द्या. १५ दिवसांपुढच्या अंड्यांचं आणि हॅचरचं दार मात्र लगेच उघडा, कारण पंखे थांबल्यावर ती अंडी स्वतःच्याच उष्णतेत शिजू लागतात. रात्रपाळीच्या माणसाला हा फरक पाठ असायला हवा, आणि दारावर तो मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा.

कोरडी हवा, क्षारी पाणी

अंडं १८ दिवसांत वजन गमावतं, आणि गमावलंच पाहिजे. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेतं, मग कवच फोडतं. पोकळी लहान राहिली तर पिल्लू ओलं, फुगलेलं राहतं आणि कवचाला टोचा मारून तिथेच दम तोडतं. फार मोठी झाली तर पिल्लू सुकलेलं, हलकं, पातळ पापुद्र्याला चिकटलेलं निघतं. १८ दिवसांत ११ ते १२ टक्के घट हे चांगलं लक्ष्य.

त्यासाठी सेटरमध्ये ५३ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. वेट बल्बच्या, म्हणजे ओली वात लावलेल्या थर्मामीटरच्या, भाषेत ८४ ते ८५ अंश फॅरनहाइट. ही आर्द्रता सोलापूरच्या हवेतून आयती मिळत नाही. सूत कोरडं पडलं की मागावर तुटतं, म्हणून चादरीच्या कारखान्यात हवा दमट ठेवायची धडपड चालते. हॅचरीची गरजही तीच, फक्त चुकीची किंमत जिवंत गर्भ मोजतो.

मे महिन्यात दुपारी बाहेर ४२ अंश सेल्सिअस आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा यंत्रात ३७.५ अंशांवर आल्यावर तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या घरात भरते. उरलेलं सगळं पाणी ह्युमिडिफायरने घालायचं. त्याच हवेला आधी पाण्याने भिजलेल्या कूलिंग पॅडमधून ओढलं तर ती साधारण २८-२९ अंशांची होते आणि यंत्रात तापल्यावर तिच्यात ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता उरते. एका पॅडने दोन कामं होतात. म्हणून सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा या पट्ट्यात सेटरच्या खोलीला पॅड बसवण्याचा खर्च वसूल होतो. कोकणात हाच पॅड फारसा उपयोगाचा नाही, कारण तिथली हवा आधीच ओली.

आता हिवाळा. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे १५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असते, हवा थंडगार लागते आणि कोरडेपणा कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ती हवा ३७.५ अंशांवर तापवली की तिची आर्द्रता १३ टक्क्यांवर येते. म्हणजे जानेवारीतली पहाटेची हवा यंत्रासाठी मे महिन्याच्या दुपारपेक्षाही कोरडी. हिवाळ्यात ह्युमिडिफायर दिवसरात्र फवारत राहतो, फवाऱ्याचं थंड पाणी अंड्यांना गार करतं, मग हीटर चालू होतो आणि दोघांची ओढाताण सुरू होते. उपाय एकच: सेटरच्या खोलीतली हवा आधीच २४-२७ अंशांपर्यंत उबदार आणि दमट करून मग यंत्रात सोडायची. पावसाळ्यात २६ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा आपोआप ४४ टक्क्यांपर्यंत येते, ते महिने सोपे जातात.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारी आहे. फवाऱ्याचे नोझल पांढऱ्या थराने बुजतात हे सगळ्यांना दिसतं. वेट बल्बच्या वातीचं मात्र कोणी पाहत नाही. ही सुती वात पाण्यात बुडवलेली असते, पाणी उडताना बल्ब गार होतो आणि त्यावरून आर्द्रता कळते. क्षार साचून वात कडक झाली की पाणी वर चढत नाही, बल्ब पुरेसा गार होत नाही आणि आकडा वाढतो. यंत्राला वाटतं आर्द्रता भरपूर आहे. ते फवारा बंद करतं. पडद्यावर ८५ आणि अंड्यात वाळवंट, अशी अवस्था होते. वातीच्या भांड्यात फक्त डिस्टिल्ड पाणी घाला आणि वात दर आठवड्याला बदला. यात खर्च नगण्य आणि नुकसान प्रचंड वाचतं. फवाऱ्यासाठी आरओचं पाणी परवडत असेल तर तेही करावं.

घट तपासायला वजनकाटा पुरतो. ९० अंड्यांचा ट्रे घ्या. रिकामा ट्रे १.२० किलो, भरल्यावर ६.६० किलो, म्हणजे अंडी ५.४० किलो. १८व्या दिवशी हॅचरमध्ये हलवण्याआधी तोच ट्रे ५.९५ किलो भरला तर अंडी ४.७५ किलो उरली. ०.६५ भागिले ५.४०, म्हणजे १२ टक्के घट. दर बॅचला तीन-चार ट्रेंवर खूण करून हे करा. अंडी मधेच काढून टाकली किंवा फुटली तर तो ट्रे हिशेबात धरू नका. कळपाचं वयही लिहून ठेवा. २६-३० आठवड्यांच्या तरुण कोंबड्यांच्या अंड्यांचं कवच जाड असतं, त्यांची घट कमी होते. ५५ आठवड्यांपुढच्या कोंबड्यांच्या मोठ्या, पातळ कवचाच्या अंड्यांची घट जास्त. दोन्ही एकाच यंत्रात बसवली तर एक सेट पॉइंट दोघांनाही पूर्णपणे मानवत नाही.

यंत्रात जाण्याआधी

अंडं घातलं जातं तेव्हा आतला गर्भ शून्य दिवसाचा नसतो. कोंबडीच्या पोटात जवळपास एक दिवस वाढून तो हजारो पेशींचा झालेला असतो. साधारण २१ अंशांखाली त्याची वाढ थांबते. उन्हाळ्यात ब्रीडर शेडमध्ये ३८ अंश असताना अंडी तीन-चार तास घरट्यात राहिली, तर वाढ पुन्हा सुरू होते. मग कोल्ड रूममध्ये थांबते. मग टेंपोत दुपारच्या उन्हात परत सुरू. असं दोन-तीनदा झालं की गर्भ पहिल्या तीन-चार दिवसांतच मरतो, आणि कँडलिंगमध्ये घाईने पाहणारा त्याला अफलित समजतो. नराला दोष जातो, नर निर्दोष असतो. उन्हाळ्यात अंडी दिवसातून किमान पाच-सहा वेळा गोळा करा आणि वाहतूक पहाटे करा.

साठवण ३ दिवसांची असेल तर २० अंश पुरतात, आठवड्याची असेल तर १६-१८ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. सात दिवसांपुढे रोज साधारण एक टक्का उबवण कमी होते, आणि साठवणीच्या प्रत्येक दिवसामागे पिल्लू बाहेर यायला सुमारे एक तास जास्त लागतो. म्हणून जुनी अंडी आधी आणि ताजी नंतर बसवायची.

कोल्ड रूममधून अंडी थेट यंत्रात ढकलू नका. २४-२७ अंशांच्या खोलीत पंखा लावून सहा ते बारा तास ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये इथे एक धोका असतो. दमट हवेत १६ अंशांचं अंडं आणलं की त्याच्यावर दव जमतं, ओल्या कवचावरचे जंतू छिद्रांतून आत जातात. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की हा घाम सहसा येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात लागलेली सवय पावसाळ्यात महाग पडते. ओल्या अंड्यांवर जंतू मारण्याची धुरी कधीच देऊ नका.

धुरीची एकपट मात्रा म्हणजे दर १०० घनफुटांना २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि ४० मिलिलिटर फॉर्मेलिन. बसवण्याआधी अंड्यांना साधारण तिप्पट मात्रा २० मिनिटं देतात. मातीच्या किंवा इनॅमलच्या खोल भांड्यात आधी परमँगनेट, मग त्यावर फॉर्मेलिन, आणि लगेच बाहेर. उलट क्रम केला तर उसळून अंगावर येतं. हा वायू डोळे आणि फुप्फुसं जाळतो आणि कर्करोगकारक आहे. मास्क आणि हातमोज्यांशिवाय कोणालाही त्या खोलीत पाठवू नका. बसवल्यानंतर २४ ते ९६ तासांच्या काळात धुरी दिली तर गर्भ मरतात.

फिरवणं आणि हवा

अंडी दर तासाला दोन्ही बाजूंना ४५ अंश कलली पाहिजेत. न फिरवल्यास गर्भ पापुद्र्याला चिकटतो, रक्तवाहिन्यांचं जाळं अपुरं पसरतं. सर्वात गरज पहिल्या दोन आठवड्यांत, आणि दगा नेमका तेव्हाच होतो. ट्रे कलवणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा गळते, कोन ४५ वरून ३० वर येतो, ट्रे हलताना दिसतो म्हणून कोणी मोजत नाही. परिणाम तीन आठवड्यांनी कळतो: मेलेल्या पिल्लासोबत टोकदार बाजूला न वापरलेला पांढरा भाग शिल्लक. कोनमापक घेऊन दर आठवड्याला कोन तपासा.

ताजी हवा दर हजार अंड्यांमागे मिनिटाला सेटरमध्ये सुमारे ८ घनफूट आणि हॅचरमध्ये १७ घनफूट धरतात.

पिल्लं काढायची वेळ

पहिलं पिल्लू आणि शेवटचं पिल्लू बाहेर येण्यात २४ तासांपेक्षा जास्त अंतर नसावं. आधी आलेलं पिल्लू हॅचरमध्ये पाण्याविना वाट पाहत सुकतं. वेळ बरोबर असेल तर काढताना शंभरात पाचेक पिल्लांची मान मागून ओलसर असते. सगळी कोरडी ठणठणीत, पिसं लांब आलेली आणि रिकाम्या कवचांवर हिरवट-काळी विष्ठा, म्हणजे उशीर झाला. अशा वेळी फक्त लवकर काढणं हा इलाज नव्हे. पिल्लं लवकर का आली, हे सेटरच्या तापमानात शोधा.

वजन इथेही खरं बोलतं. पिल्लाचं वजन मूळ अंड्याच्या ६७-६८ टक्के असावं. ६० ग्रॅमच्या अंड्यांची १०० पिल्लं ४.०२ ते ४.०८ किलो भरली पाहिजेत. ३.९० भरली तर ती सुकली आहेत. ४.१५ भरली तर घाईने काढली आहेत.

प्रत्येक बॅचच्या तीन-चार ट्रेंमधली न उबलेली अंडी फोडून पाहा. हे काम घाण आहे आणि म्हणून टाळलं जातं, पण याच्याइतकी माहिती दुसरं काहीच देत नाही. पहिल्या आठवड्यात मेलेले गर्भ, ज्यात रक्ताचं कडं दिसतं, साठवण, वाहतूक किंवा धुरीकडे बोट दाखवतात. दुसऱ्या आठवड्यातले सहसा कमी असतात. ते वाढले तर पेरेंटच्या, म्हणजे ब्रीडर कोंबड्यांच्या, खाद्यातली जीवनसत्त्वं आणि अंड्यांची घाण तपासा, विशेषतः जमिनीवर घातलेली अंडी आत घुसली आहेत का ते. तिसऱ्या आठवड्यातले आणि टोचा मारून मेलेले बहुधा तापमान, आर्द्रता किंवा फिरवण्याचे बळी. डोकं टोकदार बाजूला असलेली पिल्लं जास्त दिसली तर अंडी उलटी लावली जात आहेत.

डब्यापासून शेडपर्यंत

पिल्लाच्या गुदद्वाराचं तापमान १०३ ते १०५ अंश फॅरनहाइट असावं. डब्यात पिल्लं चोच उघडून धापा टाकत असतील तर ती पाणी गमावत आहेत. गोंगाट करून एकमेकांवर चढत असतील तर गारठली आहेत. डब्याच्या आतली हवा ३०-३२ अंश ठेवायची असेल तर गाडीतली हवा त्याहून बरीच गार, २४-२५ अंशांची लागते. एप्रिल-मे मध्ये सांगोला असो की लातूर, गाडी रात्री निघून सूर्य चढायच्या आत उतरली पाहिजे. डब्यांच्या थप्प्यांमध्ये बोटभर फट ठेवा, थप्पी गच्च बांधली की मधले डबे भट्टी होतात.

पिल्लं घेणाऱ्या शेतकऱ्याने उतरवतानाच दहा पिल्लं उलटी करून नाभी आणि टाचा पाहाव्यात. काळं बटण, ओली नाभी, लाल सुजलेल्या टाचा दोन-तीनमध्ये सापडल्या तर फोटो काढून त्याच दिवशी हॅचरीला कळवा, सातव्या दिवशी नव्हे. २४ तासांनी गळ्याखालची पिशवी चाचपा. शंभरात ९५ पिल्लांची मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. कडक लागली तर खाद्य खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. सातव्या दिवशी पुन्हा वजन घ्या. ४१ ग्रॅमचं पिल्लू किमान १६५ ग्रॅमच्या पुढे गेलेलं असावं, आणि आठवड्याची मर एक टक्क्याच्या आत. हे आकडे हॅचरीला पाठवताना डब्यावरची बॅच आणि कळपाचं वय सोबत लिहा. त्याशिवाय हॅचरीवाल्याला कोणत्या सेटरचा कोणता कोपरा उघडायचा ते कळणार नाही.